लेओंचं मोडलेलं साम्राज्य

सोमवार, ११ मे २०२०

म्हाताऱ्यांच्या होममध्ये व्हिजिटर अजून बंदच. दारात कपाळाला थर्मामीटर, वहीत सही, मग आत.

१४ नंबरच्या खोलीतल्या लेओंना ब्रेकफास्ट भरवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मृणाल, तू हे काम करायच्या आधी काय करत होतीस?" सहा वर्षं एज्ड केअरमध्ये काढली, हा प्रश्न पहिल्यांदा. म्हटलं, पुण्यात इतिहासात एम.ए. केलं. तोंडाशी आलेला चमचा त्यांनी हाताने अडवला. "आणि तू मला हे आत्ता सांगतेस?" पॉरिज गार झालं.

ते एकोणनव्वद वर्षांचे. मेलबर्नच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं इतिहास शिकवला. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात, मीही तोंडावर लेओच म्हणते. लिहिताना मात्र आपोआप 'ते' येतं.

घरी आले तर अमित डायनिंग टेबलवर मीटिंगमध्ये, रेवा टेबलाखाली बसून तिच्या दुसरीच्या वर्गाला झूमवर हात हलवतेय. टार्निटमध्ये चार बेडरूमचं घर घेतलं आणि तिघं एका टेबलावर.

शुक्रवार, १५ मे

लेओंना एक भाषण पुरं करायचंय. जुन्या विद्यार्थ्यांनी मार्चमध्ये लायब्ररीत ठरवलं होतं, रद्द झालं. विषय: ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य का मोडलं. पार्किन्सन्समुळे स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागत नाही. मुलगी हेलेन जीलाँगहून दर रविवारी येऊन लिहून घ्यायची. आता ती खिडकीबाहेर उभी राहून फोनवर बोलते.

"तू लिहशील?"

ब्रेकमध्ये अर्धा तास. हो म्हटलं. सिमरन, माझ्याबरोबर त्याच विंगमध्ये असते, ती म्हणाली, "पागल है क्या, ब्रेक में भी काम?"

काम वाटलं नाही. किती वर्षांनी हातात पेन आणि समोर इतिहास बोलणारा माणूस.

बुधवार, २० मे

त्यांना सांगितलं, आमच्याकडे हा प्रश्न दर वर्षी यायचा: मुघल साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे लिहा, गुण दहा. मग इंग्लिशमध्ये पाठ म्हणूनच दाखवलं. दुबळे वारस. जहागिऱ्यांची टंचाई. दक्षिणेतली न संपणारी लढाई. सुभेदारांची मनमानी. परकी स्वाऱ्या. लेओ खोकला येईपर्यंत हसले.

"किती मिळाले?"

आठ.

"दोन कशाचे कापले?"

कोणास ठाऊक.

"ते शोध," म्हणाले. "मी तीस वर्षं मुलांना अशीच यादी दिली. मार्क दिले. आता वाटतं, यादीतलं प्रत्येक कारण खरं आहे आणि यादी खोटी आहे."

का खोटी, ते सांगायच्या आत २१ नंबरची बेल वाजली.

मंगळवार, २६ मे

रेवाची शाळा आज उघडली. गेटपासून आत पळत गेली, मागे वळूनही बघितलं नाही. मी गाडीत बसून थोडं रडले. मग दुसऱ्या होमला.

मंगळवार नि शनिवार तिथे, बाकी चार दिवस लेओंकडे. दोन्हीकडे मिळून कुठे एका माणसाचे तास भरतात. कोणीच फुल टाइम देत नाही. सिमरनचं पण तसंच. तिचं दुसरं होम मात्र वेगळं, पार फुट्सक्रेला.

गुरुवार, ४ जून

लेओंचे वडील. हे लिहूनच ठेवते, भाषणात ते किती ठेवतील माहीत नाही.

साम्राज्याच्या दक्षिणेला एक छोटं जंक्शन. गावात जर्मन बोलणारे, भोवतीच्या खेड्यांत स्लोव्हेन. वडील स्टेशनवर क्लार्क. घरी स्लोव्हेन, कचेरीत जर्मन, बायको समुद्राकडची, तिच्याशी इटालियन. जनगणनेवाला आला. नियम असा की रोजची भाषा एकच सांगायची. वडील म्हणाले, तिन्ही लिही. तो म्हणाला, रकाना एक आहे. स्टेशनमास्तर शेजारीच उभा. वडिलांनी जर्मन सांगितली.

"खोटं नव्हतं," लेओ म्हणाले. "पण त्या दिवसापर्यंत त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तू कोण."

मग गावात मोजणी सुरू झाली. आपले किती, त्यांचे किती. स्टेशनच्या पाटीवर कोणाचं नाव वर. शाळेत कोणत्या भाषेचा वर्ग. राजधानीत पार्लमेंटमध्ये लोक बाकं वाजवायचे, शिट्ट्या फुंकायचे, दौती फेकायचे, कोणाचंच बिल पास होऊ द्यायचे नाहीत. मी विचारलं, मग म्हणून मोडलं? तर मान हलवली. "भांडत होते म्हणजे अजून एका घरात राहायचं होतं त्यांना. हे लिही. माझे विद्यार्थी हे नेहमी विसरायचे."

सोमवार, १५ जून

हंगेरीचा भाग झाला. दोन अर्ध्यांचा एक राजा, सैन्य एक, बाकी सगळं वेगळं, आणि खर्चाचा वाटा दर दहा वर्षांनी नव्याने ठरवायचा. मी म्हटलं, म्हणजे दर दहा वर्षांनी घटस्फोटाची धमकी. लेओंना इतकं आवडलं की भाषणात घालायला लावलं. शिवाय "माझी सहकारी म्हणते" असं.

अमितचं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपणार, रिन्यू नाही. त्याने हे मला भांडी घासता घासता सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, नो वरीज, माझे तास वाढवून घेते. दुसऱ्या होममध्ये रविवारपण घेतला.

गुरुवार, २ जुलै

आपल्या बाजूचे सबर्ब परत बंद होतायत. टार्निट अजून यादीत नाही.

मॅनेजरला मास्क मागितले. कपाटाला कुलूप. ज्यांना लक्षणं आहेत त्या रेसिडेंटकडे जातानाच मिळतील, आणि उगाच मास्क लावून म्हाताऱ्यांना घाबरवू नका. सिमरनने स्वतःचे कापडी आणले तर तिला काढायला लावले.

शुक्रवार, १० जुलै

अख्खं मेलबर्न परत लॉकडाऊनमध्ये, सहा आठवडे. 

लेओंनी आज युद्धातल्या भुकेचं लिहवलं. हंगेरीत धान्य होतं, ते तिकडून इकडे येईना. राजधानीत बायका ब्रेडच्या रांगेत पहाटेपासून. म्हातारा बादशहा इतकी वर्षं गादीवर होता की तो मरू शकतो हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. तो भर युद्धात गेला. "पाट्यांच्या भांडणाने कोणी मेलं नाही, मृणाल. पण भूक लागल्यावर लोकांनी विचारलं की माझा ब्रेड कोणी खाल्ला. उत्तर तयार होतं. वीस वर्षं मोजून ठेवलेलं."



मंगळवार, १४ जुलै

फ्रांत्सबद्दल पहिल्यांदा बोलले. आज माझा वार दुसऱ्या होमचा, पण लेओंकडे स्टाफमधलं कोणी आजारी म्हणून सकाळी चार तास बोलावलं, मग दुपारी तिकडे. एका दिवसात दोन्ही.

फ्रांत्स तारखात्यात होता. वडिलांशेजारचं टेबल, पंधरा वर्षं. दोघांची मुलं एकाच महिन्यात जन्मली. साम्राज्य मोडलं, गाव नव्या राज्यात गेलं. नव्या राज्याचे लोक आले, विचारलं कोण कोण आपले. वडिलांनी या वेळी स्लोव्हेन सांगितलं. "तेही खोटं नव्हतं." त्यांची नोकरी राहिली, वर ते स्टेशनमास्तर झाले. फ्रांत्सला काढलं. ट्रंका, बायको, तीन मुलं घेऊन तो उत्तरेच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवर दोन तास बसला होता. वडील ऑफिसमधून बाहेर आले नाहीत. गाडी सोडायच्या वेळी आले, इशारा दिला, आत गेले.

"मला हे त्यांनी मरायच्या आदल्या वर्षी सांगितलं. त्यांना कोणी मनाई केली नव्हती. बोलले असते तर काही झालं नसतं. मी म्हटलं, मग का नाही बोललात? म्हणाले, मला वाटलं तो आधी बोलेल."

हे भाषणात घालायचं का? मी विचारलं. "हेलेनला माहीत नाही. बघू."

सोमवार, २० जुलै

दुसऱ्या होममधून फोन. तिथल्या एका वर्करची टेस्ट पॉझिटिव्ह. शुक्रवारीच कळलं होतं त्यांना. मी शनिवारी तिच्या जागी त्याच विंगमध्ये, रविवारी पण. आणि आज सकाळी सात ते तीन लेओंकडे.

शुक्रवारी कळलं होतं.

लेओंच्या होमच्या मॅनेजरला लगेच फोन केला. तिने आधी एवढंच विचारलं, बुधवारची शिफ्ट कोण करणार?

आज लेओंना दाढी करून दिली. अर्धा तास, चेहरा हातात धरून.

मंगळवार, २१ जुलै

टेस्टच्या रांगेत गाडीत साडेचार तास. रेवा मागे. "आई, आर यू सिक?" नाही गं. खरंच काही होत नाहीये. घसापण नीट.

शनिवार, २५ जुलै

पॉझिटिव्ह.

अमित नि रेवा निगेटिव्ह. मी मास्टर बेडरूममध्ये बंद. अमितने दाराबाहेर स्टूल ठेवलंय, त्यावर ताट. वरण-भात, लिंबाची फोड. वास येतो अजून.

रविवार, २६ जुलै

लेओ पॉझिटिव्ह. सिमरनने सांगितलं. विंगमधले सात जण. आणि किचनमधली एक बाई. ती बुधवारपासूनच खोकत होती म्हणे, पण टेस्ट कालची. सिमरन स्वतः निगेटिव्ह, डबल शिफ्ट करतेय, अर्धा स्टाफ घरी बसलाय.

"सुन," म्हणाली, "किसी को पता नहीं किससे आया। तू दिमाग मत लगा।"

दुसरं काय करणार इथे? सोमवार २०, सात वाजता आत. सात दहा १२ नंबर. सात तीस लेओ. हात धुतले होते का? धुतले. दाढीच्या आधी? धुतले. मास्क? कुलूप.

मंगळवार, २८ जुलै

सरकारचं आलं: एज्ड केअरच्या वर्करनी एकाच ठिकाणी काम करावं. तासांची भरपाई बघू.

आता.

ताप १०१. अंग मोडून आलंय. रेवाने दाराखालून चित्र सरकवलं. मी पलंगावर, डोक्यावर मोठा मुकुट. खाली लिहिलंय, गेट वेल सून क्वीन आई.

गुरुवार, ३० जुलै

लेओंना हॉस्पिटलमध्ये नेलं. सिमरनने ॲम्ब्युलन्सपर्यंत सोडलं. म्हणाली, चश्मा घालून दिला, पण कानातलं मशीन सापडेना. म्हणजे तिथे कोणी काही बोललं तरी ऐकू येणार नाही.

सोमवार, ३ ऑगस्ट

कालपासून कर्फ्यू, आठच्या आत घरात. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. मला काय, मी बारा बाय चौदात.

हॉस्पिटलला फोन केला. तुम्ही फॅमिली का? नाही. मग सांगता येत नाही. पण नर्स चांगली होती. म्हणाली, मी तुझा निरोप देते. काय सांगू? म्हटलं, सांग मृणालने फोन केला होता. स्पेलिंग सांगितलं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट

लेओ काल दुपारी गेले.

होममधून ग्रुप मेसेज आला, तीन नावं एकाखाली एक. त्यांचं मधलं.

अमित दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला, आत येता येत नव्हतं म्हणून.  मग म्हणाला, "चहा ठेवू?" बऱ्याच वेळाने मी हो म्हटलं. तो तिथेच बसलेला होता अजून.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

फ्युनरल ऑनलाइन. दहा जणांची परवानगी, आले चार. मेलबर्नची हद्द, रीजनल बॉर्डर, ओलांडायला हेलेनला परवाना काढावा लागला. ती पोडियमवर उभी राहून म्हणाली, डॅड असते तर म्हणाले असते की कारण विचारा, पण पहिल्या उत्तरावर थांबू नका. इथे आवाज गेला. स्क्रीनवर नुसते ओठ हलत होते दोन-तीन मिनिटं.

मला आयसोलेशनमधून बाहेर यायचं क्लिअरन्स आजच आलं. रेवा येऊन पोटाला बिलगली. तिच्या केसांना वास येत नव्हता. काहीच वास येत नाहीये मला.

मंगळवार, १ सप्टेंबर

कामावर परत. आता एकच होम, लेओंचं. दुसरं सोडलं. मास्क, शील्ड, गाऊन, ग्लव्ह्ज, सगळं ढिगाने दाराशी.

१४ नंबर रिकामी. भिंतीवर चित्रांचे खिळे. १२, १७, २१ पण रिकाम्या. एकूण नऊ जण गेले. आजींपैकी एकजण, डोरोथी, विचारते, सगळे हॉलिडेवर गेलेत का? सिमरन सांगते, हां डार्लिंग, बीचवर. मला तेही जमेना.

गुरुवार, १७ सप्टेंबर

होमने नेमलेली एक बाई झूमवर. चौकशी नाही, "रिव्ह्यू". दोन तास. तारखा, वेळा, कोणत्या खोलीत किती मिनिटं. तिच्याकडे शीट होतं, रंग भरलेले. मी पिवळी. किचनची बाई केशरी. आणखी एक एजन्सीचा माणूस निळा, तो एकच दिवस आला होता.

मी विचारलं, पहिला कोण?

"आम्ही तसं बघत नाही. आम्ही कॉन्ट्रिब्युटिंग फॅक्टर्स बघतो."

मी म्हटलं, मग मास्क कुलपात होते हा कोणत्या रंगात आहे? तिने लिहून घेतलं. निदान खाली बघून काहीतरी लिहिलं.

शनिवार, १९ सप्टेंबर

अमितशी भांडण. खरं तर मी एकटीच भांडले. तो म्हणतो, दुसऱ्या होमने तीन दिवस दाबून ठेवलं, ह्यांनी मास्क दिले नाहीत, सरकारने जुलैच्या शेवटी नियम केला, तू कशाला स्वतःला पकडून बसलीस? 

सगळं बरोबर आहे त्याचं. पूर्ण यादी. पण हात माझे होते.

"तू एकाच होममध्ये काम केलं असतंस तर घराचा हप्ता भरता आला नसता," म्हणाला.  त्याला वाटतंय त्याची नोकरी गेली म्हणून मी रविवार घेतला. मी तसं कधी म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. बाहेर डेकवर जाऊन बसला, तासभर.

मग मी जाऊन शेजारी बसले. म्हटलं, तसं नाहीये रे. तो म्हणाला, थोडं आहे.

सोमवार, १२ ऑक्टोबर

प्रायमरी शाळा सुरू. रेवा या वेळी गेटपाशी वळली, परत आली, मला म्हणाली, "यू वोन्ट गेट सिक अगेन, ना?" 'ना' एवढंच मराठी.

रिव्ह्यूचा निकाल आला, दीड पान. विषाणू एकाहून जास्त मार्गांनी आला असण्याची शक्यता, नेमका स्रोत ठरवता येत नाही. स्टाफच्या मेहनतीचं कौतुक. खाली केक मिळणार असल्याची सूचना.

मला हलकं वाटायला हवं होतं.

बुधवार, २१ ऑक्टोबर

हेलेनचा ईमेल. बाबांच्या सामानात कागद सापडले, बावीस पानं, अनोळखी अक्षर, समासात 'माझी सहकारी म्हणते'. होममध्ये विचारलं तेव्हा माझं नाव कळलं. लिहिलंय, "तुम्ही त्यांना शेवटचे दोन महिने परत शिक्षक केलंत. बॉर्डर उघडली की घरी याल का?"

सिमरनला दाखवलं. म्हणाली, "जा. पर वो बात मत बोलना।"

सोमवार, ९ नोव्हेंबर

कालपर्यंत शहराच्या वेशीवर पोलिसांचा नाका होता, आज उघडला. टार्निटहून जीलाँगची ट्रेन, डब्यात मोजून सहाजण, सगळे खिडकीला नाक लावून. मी पण.

हेलेन स्टेशनवर घ्यायला. साठीची असेल. डोळे लेओंचे. घरी नेलं, मागच्या अंगणात लांब लांब खुर्च्या. तिने कागद आणले. मी अडलेले शब्द वाचून दाखवले. फ्रांत्सचं पान आलं. ती वाचत गेली, मध्येच थांबली. "हे मला कधी नाही सांगितलं त्यांनी."

त्यांना तुला सांगायचं होतं की नाही ते ठरलं नव्हतं, मी म्हटलं.

"आजोबा खिडकीत तासन्‌तास बसायचे. आम्ही समजायचो म्हातारपण." मग म्हणाली, "दोन तास प्लॅटफॉर्मवर. आणि बोलले नाहीत."

मी सांगितलं तेव्हा. असं ठरवून नव्हतं आले. दोन होम, शनिवार, रविवार, सोमवार. दाढी. पॉझिटिव्ह. किचनच्या बाईचंही सांगितलं, मग वाटलं का सांगितलं, पण खरं होतं.

 शेजारच्या अंगणात कोणीतरी लॉन कापत होतं. हेलेन उठली, आत गेली. मला वाटलं आता निघावं. पर्स उचलली. ती परत आली ती एक फोटो घेऊन. तिने खिडकीबाहेरून काढलेला, २० जुलैच्या संध्याकाळी, सोमवारी मुद्दाम आली होती. लेओ काचेआड, गुळगुळीत दाढी, हात वर.

"त्या दिवशी ते इतके छान दिसत होते," म्हणाली. "मी विचारलं कोणी केली, तर म्हणाले, सहकारीने."

मग रडली. मला जवळ घेतलं नाही. मी पण उठले नाही. स्टेशनवर सोडताना म्हणाली, "तुझ्यावर रागवायचं की नाही, मला खरंच माहीत नाही. आज नाही रागावलेय. उद्याचं सांगता येत नाही."

बरं, म्हटलं.

रविवार, २२ नोव्हेंबर

काल हेलेनचा फोन. आवाज कामाचा. गेलेल्या नऊ जणांच्या घरच्यांनी मिळून बाहेरची, खरी चौकशी मागायचं ठरवलंय. वकील मिळालाय. आतल्या माणसाचा लेखी जबाब हवा. कुलूप, शुक्रवारचा दाबलेला रिपोर्ट, दोन-दोन ठिकाणच्या शिफ्ट. "तू देशील? नाव लागेल. नाही म्हणालीस तरी चालेल, मी समजेन."

अमित: विचार कर. सिटिझनशिपचा अर्ज अजून तपासणीत आहे. मला नवी नोकरी अजून लागलेली नाही, तुझीच चालू आहे. त्याने 'नको' म्हटलं नाही.

सिमरन: तिच्या बाजूने एकच. "मेरा नाम मत डालना, यार। मेरा वीज़ा टेंपरेरी है।" तिचं नाव नाही घालणार. पण विंगमध्ये आम्ही दोघीच होतो. कोणीही ओळखेल.

तिला हे म्हटलं तर म्हणाली, "पता है।" मग लॉकरला टेकून उभी राहिली. मग कामाला गेली. सकाळभर माझ्याशी बोलली नाही. मी पण नाही.

दुपारी मीच गेले तिच्याकडे, टी रूममध्ये. समोर बसले. म्हटलं, तू सांगशील तसं. तीच थांबायला सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "नौ लोग मरे हैं, मृणाल। मैं तुझे क्या बोलूँ?"

शनिवार, २८ नोव्हेंबर

वकिलाचा फॉर्म. चार पानं. नाव, पत्ता, किती वर्षं नोकरी, कोणत्या तारखेला कुठे. हे सगळं भरलं, एका बैठकीत. तारखा पाठच आहेत.

शेवटच्या पानावर: तुमच्या मते हे घडण्याचं कारण काय? खाली आठ ओळी आखलेल्या.

दोन कप चहा झाले. एक ओळ लिहिली, खोडली. कुलूप आधी लिहिलं तर मी सुटते. मी आधी लिहिलं तर कुलूप सुटतं. एकाखाली एक लिहिलं की कोणीतरी पहिलं होतंच.

शेवटी कडेच्या कोऱ्या जागेत लिहायला लागले, आडवं. मला दोन होममध्ये काम करावं लागत होतं, कारण. मग तिथून पुढे. पान पुरणार नाही.

रेवा येऊन खांद्यावरून वाचायला बघतेय. "आर यू डन?"

नाही, म्हटलं. तिला दुसरा कागद आणायला पाठवलंय.